जुडीतली काकडं

"पण पाय नाय तं चित्रं चालतात कशी, ते सांग ना शेट."

दिगूशेठनं चहाची बशी काउंटरवर टेकवली. प्रश्न त्याला आवडला. उत्तर आधीच खिशात असलेला प्रश्न कुणाला आवडत नाही?

"चालतात म्हणजे अशी, बाय... समज, कॉम्प्युटरवर वरच्या बाजूला मी चार ओळी वाढवल्या. की खालचा सगळा मजकूर खाली सरकतो. त्याच्या धक्क्यानं चित्रही सरकतं. कधीकधी तर टुणकन पुढच्या पानावर! आणि मागं ही एवढी पांढरीफटक जागा. टक्कल पडल्यासारखी."

"मंग तू काय केलंस?"

"मी? मी एकेकाला धरून खिळवलं."

भागीबाय दगडावर बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खिळवलं..." ती म्हणाली, आणि पुन्हा शेवळांच्या जुड्या बांधायला लागली.

माळशेजच्या पायथ्याच्या त्या गावात शुक्रवारी बाजार भरतो. बाजाराच्या तोंडाशीच दिगंबर शेट्यांचं हार्डवेअरचं दुकान. बादल्या, दोर, खिळे, कोयते, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली कुलपं. दुकानाच्या पायरीला लागून एक सपाट दगड आहे. दुकान शेठचं, पण दगड भागीबायचा. तीस वर्षं झाली, दर शुक्रवारी ती वरच्या ठाकरवाडीतून डोक्यावर पाटी घेऊन उतरते आणि त्या दगडावर रानभाज्यांचे वाटे मांडते. शेठ दुकान उघडायला कधी उशिरा आला असेल, बाय आलेली नाही.

भिंतीवरच्या कुलपांची एक गोष्ट आहे. शेठ येईल त्याला ती ऐकवतो, तेव्हा इथंही सांगून टाकलेली बरी. दुकान नवं होतं तेव्हा डोंगरापलीकडचं एक गिऱ्हाईक आलं आणि मोठं पितळी कुलूप घेऊन गेलं. किल्ल्या राहिल्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. त्या भल्या माणसानं घरी जाऊन कौतुकानं कुलूप दाराला लावलं, खटकन दाबलं, आणि अख्खं घर अंगणात! सात कोस उलटा चालत आला बिचारा. तेव्हापासून या दुकानात प्रत्येक कुलपाच्या कडीला त्याच्या किल्ल्या तारेनं आवळलेल्या असतात. "ही अक्कल पुस्तकात मिळत नाही," असं म्हणून शेठ स्वतःच्याच गोष्टीवर पोट धरून हसतो.

तर असा माणूस. चोपन्नाव्या वर्षी त्यानं तालुक्याच्या एका बंद पडलेल्या झेरॉक्सवाल्याकडून जुना कॉम्प्युटर आणला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मांडला. पहिल्या दिवशी 'ज्ञ' शोधायला पाऊण तास गेला. सापडला तेव्हा आनंदाच्या भरात ओळभर नुसते ज्ञच ज्ञ उमटवले. पण शिकला. कुणाला न विचारता शिकला. "क्लासची पायरी चढलो नाही," हे वाक्य तेव्हापासून दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं.

आणि शिकल्यावर त्यानं काय करावं? तर भागीबायचं रान लिहून काढायला घेतलं.

दोन वर्षं चाललं ते. गिऱ्हाईक नसलं की बाय सांगायची आणि शेठ वहीत उतरवायचा. कुठलं पान कोवळं खुडायचं, कुठलं उकळून पाणी टाकून द्यायचं, कुठल्याच्या वाटेला जायचं नाही. तिच्यामागून डोंगर चढून मोबाइलवर फोटो काढायचा. एकदा घसरून कमरेत उसण भरली, तर बायनंच कसलासा पाला शेकायला दिला. अशा एक्केचाळीस वनस्पती झाल्या. बाय शिकवत होती आणि शेठ शिकत होता. बाजारात विचाराल तर मात्र शेठ म्हणायचा, "मी पुस्तक लिहितोय."

पुस्तकाचं नाव 'आपल्या रानाचं ताट'. पानावर दोन वनस्पती, एक वर, एक खाली. शेजारी चित्र. आश्रमशाळा सुरू झाली की तिथल्या रानभाज्यांच्या जत्रेत सहाशे प्रती मुलांना आणि आयांना वाटायच्या होत्या. मागच्या शुक्रवारी शेठनं सगळं पुस्तक बायला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं होतं. तिला अक्षर येत नाही. पण तो वाचायचा तेव्हा ती चित्राकडं बघायची आणि मान हलवायची. एक्केचाळीस वेळा मान हलली होती.

आज साडेचारच्या एसटीनं पेनड्राइव्ह कल्याणच्या छापखान्यात जायचा होता. कंडक्टर ओळखीचा होता.

"आजी, एक जुडी द्या."

गिऱ्हाईक आलं. आरोग्य केंद्रातल्या नव्या नर्सबाई, घाटावरच्या. बायनं शेवळाची जुडी उचलली, काकडांचा, त्या आंबट रानफळांचा, एक हिरवा घोस तिच्यात खोचला आणि वरून वाखाचा वेढा देऊन गाठ मारली.

"हे आंबट कशाला? हे काढून ठेवा, मला नुसती भाजी हवी."

"नुसती नाय मिळत."

"अहो, मी पैसे तेवढेच देते."

"मंग शेवळंबी ठेव."

नर्सबाई गोंधळल्या. दिगूशेठला राहवलं नाही. तो काउंटरवरून पुढं झुकला.

"ताई, शेवळाला खाज असते. नुसतं शिजवून खाल्लं तर घसा असा धरतो की पाणीही गिळवत नाही. या काकडाच्या रसानं ती खाज मरते. पुस्तकात लिहिलंय मी. पान सहा."

"तुम्ही लिहिलंय?"

"क्लासची पायरी चढलो नाही."

नर्सबाई काकडांसकट जुडी घेऊन गेल्या. जाताना दोनदा मागं वळून बघितलं. शेठला वाटलं, आपल्याकडं बघितलं.

बायनं हात लुगड्याला पुसले.

"आण बघू तुझं पुस्तक. खिळलेलं."

शेठ वाटच बघत होता. छापखान्यात धाडण्याआधी त्यानं दुकानातल्या प्रिंटरवर एक प्रत काढली होती, दोऱ्यानं शिवलीही होती. ती त्यानं तिच्या हातात दिली.

बायनं पहिलं पान उघडलं.

"ह्यो कोण?"

"मी."

"ह्यो कोट कुणाचा?"

"माझाच! भाच्याच्या लग्नातला." शेठ जरासा खाकरला. "ते मनोगत आहे, बाय. लेखक सुरुवातीला चार शब्द बोलतो, तसं. परवा लिहिलं. सगळं पुस्तक झालं आणि ते तेवढं राहिलं होतं."

"चार शब्द?"

"...अडीच पानं."

ती पानं उलटायला लागली. तिला कुठं जायचं ते ठाऊक होतं. पुस्तक हातात आलं की ती आधी एकच चित्र शोधायची. खड्यानागाचं. शहरातले लोक त्याला कळलावी म्हणतात. फुलं दिव्याच्या ज्योतीसारखी, आणि जमिनीत गड्डी, विषाची. दिसायला कुठल्याही कंदासारखी. त्या पानावर मोठ्या अक्षरात 'हात लावू नका' लिहायला तिनंच लावलं होतं. नात आश्रमशाळेत पाचवीला होती. ती वाचणार होती.

चित्र सापडलं. बायनं त्यावर बोट ठेवलं.

"इथं काय लिवलंय, वाच."

शेठनं वाकून चित्र बघितलं नाही. बोटाशेजारची ओळ तेवढी वाचली.

"'हे कंद स्वच्छ धुऊन उकडावेत. साल काढून, मीठ लावून लहान मुलांना खायला द्यावेत. चवीला गोडसर लागतात.'"

बायचं बोट हललं नाही.

"परत वाच."

"'हे कंद स्वच्छ धुऊन...' बाय, करांद्याचं आहे ते. तूच सांगितलंस."

"आणि ह्ये चित्र?"

"करांद्याचं."

"बघ."

शेठनं बघितलं.

...

बाजारात कोंबड्या ओरडत होत्या. समोरचा प्लॅस्टिकवाला "घ्या घ्या" करत होता. शेठला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यानं पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. वरच्या अर्ध्यात ठळक अक्षरात होतं 'हात लावू नका', आणि शेजारी करांदे, परडीत भरलेले, त्यानंच काढलेला फोटो. खालच्या अर्ध्यात 'मुलांना खायला द्यावेत', आणि शेजारी खड्यानागाची गड्डी.

त्यानं पुढचं पान उलटलं. टाकळ्याशेजारी भारंगी. भारंगीशेजारी टाकळा. त्याच्या पुढं... त्याच्याही पुढं... सगळी वरची खाली, खालची वर.

"हललंय..." तो पुटपुटला. "हे हललंच कसं? मी एकेक खिळवलं होतं, बाय! 'पानावर जागा पक्की करा' असं असतं, ते मी एक्केचाळीस वेळा दाबलंय! थांब."

तो आत गेला. दोन मिनिटांत परत आला तो मागच्या शुक्रवारची प्रत घेऊन. दोन्ही प्रती त्यानं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि दुकानातली टेप लावून मापं घेतली. वरच्या कडेपासून किती, उजव्या कडेपासून किती. पुन्हा घेतली.

"नाही हललं," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "करांदा वर होता, वरच आहे. खड्यानाग खाली होता, खालीच आहे. सुताचाही फरक नाही."

"हां," बाय म्हणाली. "नाय हललं."

"मग चुकलं कुठं?"

"मागल्या बाजाराला बरोबर होतं. मधी काय घातलंस?"

"काही नाही. एक अक्षर बदललं नाही आतलं. फक्त सुरुवातीला ते..."

तो थांबला.

अडीच पानं. दोन पूर्ण आणि एक अर्धं. मागचं सगळं पुस्तक अर्धं पान खाली सरकलं होतं. वरची भाजी खाली गेली होती, खालची पुढच्या पानावर वर चढली होती. आणि चित्रं? आपापल्या मजकुराच्या पानावर गेली खरी, पण तिथं आज्ञाधारक होती. ज्याला वर उभं केलं ते वर उभं, ज्याला खाली ते खाली.

बायनं ती गड्डी अंगठ्यानं झाकली.

"माझा धाकला भाऊ... असाच. करांदा म्हणून भाजून खाल्ली. मी चुलीपाशीच होते." तिनं अंगठा काढला. "ह्या तोंडानं मी सांगितलंय, शेट. पुस्तकावर कुणाचंबी नाव घाल. तोंड माझं हाय."

शेठ पायरीवर बसला. गिऱ्हाइकानं दोरी मागितली, त्याला हातानंच 'नंतर' केलं. तीन वाजायला आले होते. सहाशे प्रती. सहाशे घरं. आणि ज्यांना वाचता येत नाही ती माणसं तर नुसतं चित्रच बघणार. आणि ज्यांना वाचता येतं ती लेकरं चित्र बघून वाचणार...

"मोकळी सोडली तर उड्या मारतात," तो म्हणाला. "खिळवली तर हे असं. मग बांधू तरी कुठं, बाय? तूच सांग. तीस वर्षं दारात बसतेस, तुला तरी काय विचारतोय मी... तुला माउस माहीत नाही."

भागीबाय हसली. वरचे दोन दात नव्हते तिला, त्यामुळं तिचं हसू लहान मुलासारखं दिसायचं.

"तुझा उंदीर नाय ठावं मला. शेवळं घेतोस?"

"आत्ता?"

"घे की. तुझी बायको लेकीकडं गेलीय ना? रांधून खा."

तिनं एक बांधलेली जुडी उचलली. गाठ सोडली. आतला काकडांचा घोस बाहेर काढून दगडावर ठेवला, अगदी मधोमध. ठेवून जरा मागं झाली, डोळा बारीक करून बघितलं, घोस बोटानं इंचभर सरळ केला. मग वर एक गोटा ठेवला. दाबून बघितला.

"आता नाय हलायची," ती म्हणाली. "खिळली."

आणि नुसती शेवळं शेठच्या हातात दिली.

"जा. आत जाऊन रांध."

शेठला हे काय चाललंय ते कळेना. पण बायनं दिलेलं नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. दोन वर्षांत तिनं जे हातात दिलं ते त्यानं घेतलं होतं. जुडी घेऊन तो पायरी चढला. काउंटर ओलांडला. कुलपांच्या भिंतीपाशी पोचला आणि हातातल्या सैल शेवळांकडं बघून वळला.

"बाय, काकडं?"

"हायेत की."

"कुठं आहेत? यात नाहीत."

"हितं हायेत. जिथं ठेवली तिथंच." तिनं गोट्यावर थाप मारली. "सुताचाबी फरक नाय. येऊन माप."

...

शेठ उभाच राहिला.

त्यानं हातातल्या शेवळांकडं बघितलं. मग दगडाकडं. मग, का कोण जाणे, त्याचा मोकळा हात भिंतीवरच्या एका कुलपाकडं गेला. तारेनं आवळलेल्या किल्ल्या त्याच्या बोटांत किणकिणल्या. त्यानं त्या एकदा ओढून बघितल्या. सुटल्या नाहीत.

शेवळं काउंटरवर टाकून तो मागच्या खोलीत गेला.

खुर्चीवर बसला तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं करांद्याच्या चित्रावर टिचकी मारली. इतके दिवस त्याला दिसत होतं तेच आताही दिसलं. मजकुराच्या कडेला एक बारीकसा नांगर, बोटीला असतो तसला. शेठला आजवर ती नक्षी वाटली होती. झेरॉक्सवाल्यानं ठेवलेली काहीतरी खूण असेल, म्हणून त्यानं कधी तिला हात लावला नव्हता.

आता लावला.

नांगर हलला. चित्र जिथल्या तिथं राहिलं, पण नांगर माउसबरोबर मजकुरावरून सरकायला लागला. या परिच्छेदाशी नेला, तिथं टेकला. त्या परिच्छेदाशी नेला, तिथं टेकला. शेठचे डोळे मोठे झाले. पोराला नवं खेळणं मिळावं तसं त्यानं तो तीनचारदा वरखाली नेऊन बघितला. मग 'करांदा' या नावापाशी आणून सोडला. 'जागा पक्की' होतं ते काढलं, 'मजकुराबरोबर हलू दे' केलं, आणि चित्र उचलून नावाशेजारी आणून ठेवलं.

वर चार मोकळ्या ओळी घालून बघितल्या. करांदा खाली आला. चित्र त्याच्या मागोमाग, बोट धरून.

चार ओळी पुसल्या. दोघंही परत वर.

"अगं बाय..." शेठ स्वतःशीच म्हणाला. त्याच्या तोंडून हे कुणाला उद्देशून निघालं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तो लागला कामाला. टाकळा, भारंगी, कुरडू, कवळा, मोहाची फुलं, बांबूचे कोंब. एकेक नांगर उचलायचा, ज्याच्या त्याच्या नावापाशी टाकायचा. खड्यानागाला तर त्यानं तीनदा तपासलं. एक्केचाळीस झाल्यावर एक चित्र उरलं. कोटातलं. तेही बाकी का ठेवा? त्याचा नांगर त्यानं मनोगतातल्या ज्या वाक्यावर त्याचा सगळ्यात जीव होता त्यावर टाकला. 'क्लासची पायरी चढलो नाही.'

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

दुधानं तोंड पोळलेला माणूस. नुसत्या चार ओळींवर त्याचा विश्वास बसेना. मोठा धक्का देऊन बघायला हवा होता. ज्यानं घोटाळा केला त्याच धक्क्यानं, उलटा. त्यानं मनोगताच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, अडीचच्या अडीच पानं, माउसनं काळी केली आणि बटण दाबलं.

अडीच पानं गेली. पुस्तक सरसरत वर आलं.

शेठ श्वास धरून पान पान खाली उतरत गेला. शेवळाशी शेवळं, काकडाशी काकडं. टाकळ्याशी टाकळा. करांद्याशी करांदे, परडीत भरलेले. 'हात लावू नका'शी ती ज्योतीसारखी फुलं आणि ती गड्डी. त्यानं शेवटपर्यंत बघितलं आणि श्वास सोडला.

मग तो पहिल्या पानावर आला. आणि चमकला.

पानावर तो नव्हता.

त्यानं फोटोला हातही लावला नव्हता. काळी केली होती ती नुसती अक्षरं. फोटो अक्षरांत नव्हताच, शेजारी उभा होता. पुढच्या पानावर बघितलं, तिथं नाही. शेवटच्या पानावर बघितलं, तिथंही नाही. कोट, भाच्याचं लग्न, सगळं गेलं होतं.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

एक बटण दाबलं की गेलेलं परत येतं, हे शेठला माहीत होतं. कॉम्प्युटरवर त्याला सगळ्यात आधी शिकायला मिळालेली गोष्ट ती. त्याचं बोट त्या बटणावर जाऊन टेकलं. टेकून राहिलं... मग त्यानं फाइल आहे तशीच पेनड्राइव्हवर घेतली आणि बाहेर आला.

बाजार उठायला लागला होता. बाय पाटी आवरत होती. दगडावर शेवटचा तो घोस तेवढा राहिला होता, गोट्याखाली.

"बाय, जमलं," शेठ म्हणाला. धाप लागली होती त्याला. "कुठं बांधायचं ते सापडलं. पण एक गंमत झाली."

"काय?"

"मी मनोगत काढून बघितलं. नुसतं बघायला गं, चित्रं नीट मागं येतात का ते. तर माझा फोटोही गेला. मी तो पुसलाच नव्हता! नुसते शब्द पुसले."

"अस्सं?"

"हो ना. परत आणता येतो. एक बटण दाबलं की फोटो येईल, मनोगतही येईल. आता आलं तरी काही बिघडणार नाही, सगळं बांधलेलं आहे." तो घुटमळला. पेनड्राइव्ह त्यानं या हातातून त्या हातात घेतला. "आणू का?"

एसटीचा ड्रायव्हर चढला. कंडक्टरनं खिडकीतून हात केला, "शेठ, देताय ना?"

बायनं गोटा उचलून बाजूला ठेवला. काकडांचा घोस घेतला. शेठच्या काउंटरवर पडलेली शेवळं मागून घेतली.

"करांद्याचं चित्र कुठं हाय?"

"करांद्यापाशी."

"खड्यानागाचं?"

"खड्यानागापाशी. तीनदा बघितलं."

"तू जिथं चार शब्द बोललास ते?"

"ते... नाहीत आता."

"आणि तू?"

शेठनं पेनड्राइव्ह मुठीत धरला.

बायनं घोस शेवळांत खोचला. वाखाचा वेढा दिला, गाठ मारली आणि दातांत धरून आवळली. जुडी त्याच्या हातात ठेवली.

"पळ शेट, यष्टी सुटंल," ती म्हणाली. "गाठ बरोबर बसलीय."